थांबाबाई

तिने लाल बटण दाबलं आणि मोजे विणणाऱ्या यंत्रांची अख्खी रांग गप्प झाली. सुपरवायझर चहा अर्धा टाकून धावत आला.

“अहो बाई, आज पुन्हा? आता काय झालं?”

तिने एक मोजा हातात चढवला, आत बोटं फाकवली आणि दिव्यासमोर धरला. अंगठ्याजवळ एक टाका सुटला होता, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसेल असा.

“कडेच्या मशीनची सुई मोडलीय.”

“एक टाका? माल उद्या जायचाय! मोजा बुटातच राहतो ना, कोण बघतंय?”

“दुसऱ्या धुण्यानंतर अंगठाच बाहेर येऊन बघतो, साहेब.”

मागून कुणीतरी ओरडलं, “थांबाबाई!” आणि सगळे फिदीफिदी हसले. नाव जुनंच होतं. ‘मावशी’ म्हटलं की ती वळून बघायची; या नावाला मात्र तिने कधी ओ दिली नव्हती. इतरांच्या हातून माल निघतो आणि आपल्या हातून खोळंबा, ही गोष्ट तिला मनातून झोंबायची. खोळंब्याचं कौतुक कोण करणार?

कौतुकासाठी तिच्याकडे लेक होती. लेक मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करते, हे भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. काय संशोधन, असं कुणी विचारलं तर मात्र ‘डोळ्यांचं काहीतरी’ म्हणून ती घाईघाईने विषय बदलायची.

त्या संध्याकाळी ती घरी आली, तर लेक स्वयंपाकघरात पायातले बूटही न काढता बसलेली.

“अगं, लवकर कशी? बरं नाही का?”

“आई, माझ्या त्या पेशी आहेत ना, सगळ्यांत भराभर वाढणाऱ्या?”

त्या तिला ऐकून माहीत होत्या. मूळपेशी. त्यांच्यापासून शरीराचा हवा तो भाग घडवता येतो म्हणे. लेकीने त्यांतूनच डोळ्याचा पडदा तयार करायला घेतला होता, आणि नजर गेलेल्या एका ड्रायव्हरच्या डोळ्यात तो पहिल्यांदा बसवणार होते. प्रयोगशाळेचे मोठे सर तर लेकीवर जाम खूश होते.

“त्या का वाढतायत ते आज कळलं,” लेक म्हणाली. “एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी एक जनुक तिला अडवतं. आत बिघाड असेल तर पुढे जाऊ देत नाही. दुरुस्तच होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. माझ्या पेशींमध्ये ते जनुकच मोडलंय. अडवणारं कुणी नाही, म्हणून सुसाट सुटल्यात.”

“मग त्या डोळ्यात घातल्या तर?”

“कदाचित काहीच होणार नाही. कदाचित कॅन्सर होईल.”

तिने चहाखालचा गॅस बंद केला. “सरांना सांगितलंस?”

“नाही अजून. सांगितलं की सगळं पाण्यात, आई. माझं काम, सरांची तयारी, सगळं पहिल्यापासून. तो ड्रायव्हर तर बॅग भरून बसलाय. तू काय केलं असतंस?”

“मला बाई त्यातलं काय कळतंय? पण बटण दाबल्यावर पहिल्यांदा सगळे आपल्याकडे बघतात, एवढं मला माहीत आहे. तेवढं सोसलं की पुढचं जमतं. आणि एकदा दिसलं ना, की न दिसल्यासारखं करता येत नाही. मला तरी कधी आलं नाही.”

लेकीने ओले डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, “ते जनुक म्हणजे तूच आहेस गं.”

“अय्या! मला तर त्यासाठी बोलणी बसतात.”

“त्यालाही कुणी विचारत नाही, असतं तोवर. गेलं की मग धावाधाव.”

मोज्यांवर घालवलेलं तिचं सगळं आयुष्य लेकीने एका वाक्यात उचलून वर ठेवलं होतं. ती उगाचच ओटा पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

“थांबवलं,” लेक म्हणाली.

“मग?”

“सगळे बघत होते, तू म्हणालीस तसे. सरांनी सगळं पुन्हा तपासून पाहिलं. मग म्हणाले, टाकून द्या सगळ्या. माझं पुढे काय, ते नाही सांगितलं.”

“आणि तो ड्रायव्हर?”

“त्याला मीच फोन केला. रडला, आई. शेवटी म्हणाला, नीट करा, मी थांबतो.” मग ती म्हणाली, “सरांनी विचारलं, हे तपासायचं सुचलं कसं? म्हटलं, आईकडून आलंय.”

तिने फोन पिशवीत ठेवला, पदराने डोळे टिपले आणि जागेवर येऊन बसली. ऊर इतका भरून आला होता की समोरच्या कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण यंत्रं सुरू झाली होती, आणि त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू जाणार?

“काय थांबाबाई,” पलीकडून हाक आली, “आज चालू देणार ना?”

“ओ,” ती म्हणाली.

तिने पुढचा मोजा हातात चढवला, बोटं फाकवली आणि दिव्यासमोर धरला.