औषध जातं ती जागा

“काका, औषध आत जात नाहीये.”

मॅडमनी लाकडी तुकडा तिसऱ्यांदा खाचेला लावून पाहिला. मी उगाच रंध्याखालचा भुसा झटकत राहिलो.

“हवा दमट आहे. लाकूड फुगतं,” मी म्हणालो. छत्तीस वर्षं लाकूडकाम केलेल्या माणसानं मारावी अशी ती थाप नव्हती. ते लाकूड दोन वर्षं माझ्याच माळ्यावर वाळत पडलेलं होतं.

मॅडमनी पर्समधून पट्टी काढली. “काका, दोन मिलिमीटर कमी आहे. तुम्ही तर केसाचाही फरक ठेवत नाही.”

मी शाळा-कॉलेजांना लाकडी नमुने करून देतो. दात, कान, मूत्रपिंड, मधोमध उघडणारं हृदय. गल्लीत मला ‘हाडवाले’ म्हणतात, आणि कुणी नवा माणूस पत्ता विचारू लागला की मुलं त्याला हसून सांगतात, खोक्यात हृदयं भरून ठेवलेलं घर. मॅडम जंतूंवर संशोधन करतात, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. महिन्यापूर्वी कागदांची गुंडाळी घेऊन आल्या होत्या. काही जंतूंच्या अंगात एक एन्झाइम असतं, ते औषधच फोडून टाकतं. त्याचा आकार आता नेमका कळलाय, आणि विद्यार्थ्यांना तो हातात घेऊन पाहता यावा म्हणून दहा कोटी पट मोठा नमुना हवा होता. म्हणजे भोपळ्याएवढा गोळा. त्याला एक खोल खाच, खाचेच्या तळाशी एक खुंटी. औषधाचा तुकडा वेगळा, बोटाएवढा, त्यात एक चौकोनी कडी. औषध खाचेत शिरलं की कडी खुंटीला टेकते आणि तिची एक बाजू बिजागरीवर उघडते. कडी उघडली की औषध निकामी. ते बाहेर पडतं, खाच पुढच्यासाठी मोकळी.

“एक औषध फोडायला किती वेळ लागतो?” मी तेव्हा विचारलं होतं.

“एका सेकंदात शेकडो फोडतं, काका,” मॅडम म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. मुतखड्याचं साधं ऑपरेशन, चार दिवसांत घरी येणार होती. मग ताप आला. एकोणीस दिवस बाटलीमागून बाटली चढत होती आणि डॉक्टर रोज तेच सांगायचे, औषध लागू पडत नाही. मी उशाशी बसून नळीतला थेंब न् थेंब आत जाताना पाहायचो. एवढं औषध जातंय तरी कुठे? अडाणी ठरायच्या भीतीनं मी तेव्हा कुणाला विचारलं नाही, आणि सहा वर्षं तो प्रश्न काही माझी पाठ सोडत नव्हता.

आणि आता तीच जागा मला माझ्या हातानं कोरायची होती. बाकीचा गोळा आठ दिवसांत झाला. खाचेपाशी मात्र तीनदा पटाशी नेली आणि तीनदा खाली ठेवली. शेवटी कोरली, पण औषध शिरणार नाही एवढीच.

“मुद्दाम ठेवलीये मॅडम,” मी म्हणालो. “शिरूच नये असं वाटलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे.

“काकूंना औषध लागू पडलं नव्हतं?”

“हो. एकोणीस दिवस. एकच सांगा. औषध पोचलं तरी होतं का हो तिच्यापर्यंत?”

“काकूंना हाच जंतू होता की नाही, हे मला नाही सांगता येणार,” त्या जपून म्हणाल्या. “पण तोच असेल, तर पोचलं होतं. अगदी इथपर्यंत.” त्यांनी खाचेच्या तोंडावर बोट ठेवलं. “म्हणूनच खाच खरी हवी, काका. आम्हाला असं काहीतरी शोधायचंय, जे आत जाईल आणि तिथेच अडकून बसेल. म्हणजे मागून येणारं औषध वाचेल. मुलांनी खोटी खाच पाहिली तर ते चुकीचंच शोधत बसतील.”

मी गोळा शिकंज्यात धरला आणि गोल कानस चालवायला घेतली. दोन मिलिमीटर जायला किती वेळ लागतो! मॅडम स्टुलावर बसून होत्या. मी तुकडा आत सारला. तो सरळ तळापर्यंत गेला, खुंटीला टेकला आणि कडी अलगद उघडली. काम चोख झालं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

काम संपलं की नमुना हिच्या मांडीवर जायचा. रंग तीच द्यायची, पण त्याआधी प्रत्येक भोकात, प्रत्येक खाचेत करंगळी फिरवून बघायची. “पोरं नेमकी इथेच बोटं घालतात,” म्हणायची, आणि मी गुळगुळीत म्हणून दिलेल्या कामात हटकून एखादी टोचरी कूस काढून दाखवायची. मग दिवसभर माझी चेष्टा, “मोठे कारागीर!”

मी करंगळी घातली. पहिल्याच पेराशी अडकली. पटाशी धरून धरून माझी बोटं जाड झालीत.

“मॅडम, तुमची करंगळी घालून बघता का? कुठे टोचतंय का?”

त्यांनी बोट फिरवलं. “एकदम गुळगुळीत आहे, काका.”

“नीट बघा. खुंटीच्या मागे. तिला नेहमी मागच्या बाजूलाच सापडायची.”

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा सावकाश बोट फिरवलं. थांबल्या.

“आहे काका. बारीकशी आहे एक.”

मी पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी फाडली, हिला करंगळीला गुंडाळायला लागायची तेवढीच, आणि मॅडमच्या हातात दिली.