मिटलेला ळ

मित्रांनो, मी खिळ्यांचा एक जुना संच आहे. भिंतीत ठोकतात ते खिळे नव्हेत. शिशाची उलटी अक्षरं, ज्यांना शाई लावून पूर्वी छापत असत. एका मासिकासाठी मला मुद्दाम घडवलं होतं.

माझे ठसे कोरणारा माणूस अबोल होता. एकेक अक्षर साधलं की तो त्यावर हलकेच फुंकर मारायचा. आपल्या गुरूचं वळण माझ्यात उतरलंय आणि गुरूनं ते आणखी कुणाकडून घेतलं होतं, एवढंच तो कधी सांगे. माझ्या ळच्या दोन पोकळ डोळ्यांपैकी डावा मात्र त्यानं मिटलेलाच ठेवला. का, ते मला ठाऊक नव्हतं.

मी पुष्कळ वर्षं राबलो. वाचक कौतुक करत. मग संगणक आले. माझी बहुतेक भावंडं वितळवली गेली आणि उरलेला मी कचेरीतच एका बंद खणात पडून राहिलो; तो खण नव्या छपाईयंत्राखाली टेकू म्हणून सरकवला होता. कोरणारा केव्हाच वारला होता.

पुढे संपादकबाईंना मासिकासाठी नवी अक्षरं हवी झाली. कुणाचीही उसनी नकोत, अगदी स्वतःची. त्यासाठी एक रेखाटणारी मुलगी आली. तिचं टेबल माझ्या शेजारीच होतं, पण मी तिला दिसत नव्हतो. लहानपणी आजोळी ती या मासिकाचे जुने अंक चाळायची म्हणे. बाकी आमची ओळख नाही.

संगणकाच्या पडद्यावर अक्षर पुरं झालं की ती काचेवर हलकेच फुंकर मारायची. खणाच्या फटीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं शिसं गार पडलं.

तिचा ळ पडद्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून असायचा. कागदावर मात्र डावा मिटलेला उमटे. शाई भरली असेल, असं बाई म्हणाल्या. तिनं डोळा मोठा केला, कागद बदलला, बाहेरून छापून आणलं. तरी तो मिटलेलाच. शेवटी तो नाद सोडून ती त्या पानावर तळहात ठेवून काम करू लागली. बाईंना घाई होती. त्यांनी ळ तसाच जाऊ दिला.

अंक निघाला. ‘संपूर्णपणे आमची अक्षरं’ असं मुखपृष्ठावर ठळक छापलं होतं, खाली मुलीचं नाव. थोड्याच दिवसांत एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला.

“ही माझ्या बाबांची अक्षरं आहेत,” ती म्हणाली. “ते जाऊन फार वर्षं झाली. तुम्हाला कुठे भेटले?”

चोरीचा आळ येतोय असं वाटून संपादकबाई तडकल्या. मुलीनं फोन घेतला आणि ळबद्दल विचारलं.

“बाबा ळ कोरत होते तेव्हा आतल्या खोलीत आईनं प्राण सोडला. हात हलला, डोळा मिटला. त्यांनी तो दुरुस्त केला नाही.”

मुलीनं कोरणाऱ्याचं नाव पुढच्या अंकात छापायला सांगितलं. आपलं हसं होईल, म्हणून बाईंनी साफ नकार दिला.

“मग माझंही नाव काढा,” मुलगी म्हणाली. “ती मी एकटीनं काढलेली नाहीत.”

बाईंनी पेन्सिल उचलून श्रेयाच्या पानावर एक ओळ वाढवली. पुढच्या अंकात दोन्ही नावं आली. त्याचं वर, तिचं खाली.

मग म्हातारी स्वतः आली. तिनं जुन्या खिळ्यांची चौकशी केली, तेव्हा यंत्र बाजूला सरकवून मुलीनं माझा खण उघडला. म्हातारीनं माझ्यावरून बोटं फिरवली आणि खिडकीशी बसून नवा अंक हळू आवाजात वाचू लागली. चार ओळी वाचायची, थांबायची, मान कलती करून ऐकायची. मग म्हणायची, “हो बाबा,” आणि पुढे वाचायची.

मुलीनं म्हातारीच्या शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून घेतली.

मित्रांनो, नवं काही कराल तेव्हा आधीच्यांना अशीच जागा करून द्या. ते तसेही येतातच.