रविवारच्या भेटी

"तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय," रेन्स्के म्हणाली. कॉफीचा कप तिने त्याच्यापुढे ठेवायला आणला होता, तो तिच्या हातातच राहिला.

वीबे टेर्पस्ट्राने येताना गाडीत ठरवलं होतं, की नाव पुटपुटायचं आणि लगेच कामाचं बोलायचं. तसंच त्याने केलं होतं. लेवार्डनच्या कंपनीतून आलोय, तुमचं नवं सॉफ्टवेअर सकाळी अडकतं ते बघायला, एवढंच. पण आवाजाचं काय करणार? द्राख्तनच्या या ऑफिसात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता; या बाईशी मात्र वर्षानुवर्षं फोनवर बोलला होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसची ही संस्था. कुणी, कधी, कुणाकडे जायचं हे ठरवायचं काम रेन्स्केचं.

"रोंत्येवाले तुम्हीच ना?"

"हो," तो म्हणाला. "मीच."

तिने कप टेबलावर ठेवला, त्याच्या हातापासून जरा लांबच, आणि कॉम्प्युटर कुठे आहे ते दाखवून निघून गेली.

वीबे मूळचा डेटाबेसचा माणूस. मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार ज्या यंत्रणेवर चालतात ती मंदावली, की त्याला बोलावणं यायचं. जायचा, दिवसभर नाडी बघत बसायचा आणि दुखणं नेमकं शोधून काढायचा. मग आई अंथरुणाला खिळली. तिच्याकडे येणारी नर्स दाराशी उभी राहून खिशातल्या चिठ्ठ्या चाळायची, पुढे कुठे जायचं ते शोधायची. वीबेच्या डोक्यात तेव्हा जे शिरलं ते निघालंच नाही. त्याने नोकरी सोडली आणि नर्सेसच्या फेऱ्या आखणारं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. नाव ठेवलं 'रोंत्ये', म्हणजे छोटीशी फेरी.

निरोपाच्या दिवशी, हातात केकची बशी घेऊन, तो सगळ्यांदेखत बरोबर काम करणाऱ्या डाउवेला म्हणाला होता, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची धुणी धुवा. मी आपलं स्वतःचं काहीतरी उभं करतो." सगळे हसले होते. डाउवेही हसला होता.

उभं राहिलंही. खेड्यापाड्यातल्या लहान संस्थांनी ते घेतलं, दहा-बारा वर्षं वापरलं. मग एका मोठ्या कंपनीने तसंच सॉफ्टवेअर आणलं, जास्त चकचकीत आणि स्वस्तही. एकेक संस्था निघून गेली. वीबे उरलेल्यांसाठी रात्रंदिवस राबत राहिला. शेवटी बायकोच म्हणाली. आफ्के कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "वीबे, आता पुरे कर. तू झोपेतसुद्धा लोकांची समजूत काढतोस."

त्याने सगळ्यांना चार ओळींची ईमेल पाठवली. वसंतात सेवा बंद होईल, तुमची सगळी माहिती फाइलमध्ये भरून देत आहे, आभार. त्यानंतर फोन वाजू लागले. तो टेबलावरच्या फोनकडे बघत बसायचा. लोक काय म्हणतील याची त्याला कल्पना होती, आणि ते ऐकायचा धीर नव्हता. वाजून वाजून फोन गप्प झाले.

डाउवेकडे परत जाताना त्याने सगळे टोमणे आधीच मनात ऐकून ठेवले होते. लेवार्डनची ती जुनी कंपनी आता डाउवेची होती. धुण्याचा विषय त्याने काढलाच नाही. खिडकीजवळची खुर्ची दिली आणि म्हणाला, "बरं झालं आलास. तुझ्यासारखी नाडी अजून कुणाला कळत नाही." वीबेला वाटलं, याने चारचौघांत एकदा हिणवलं असतं तर बरं झालं असतं. ऑफिसातल्या नव्या पोरांनी, मधली वर्षं काय करत होतात, असं आदराने विचारलं. एक प्रॉडक्ट होतं, असं म्हणून तो स्क्रीनकडे वळला. आणि त्याच आठवड्यात डाउवेने द्राख्तनचं काम त्याच्याकडे दिलं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा जाणं सोपं वाटलं.

काम फार अवघड नव्हतं. सकाळी सगळ्या नर्सेस एकदम आपापली यादी उघडत, आणि नवं सॉफ्टवेअर प्रत्येकीसाठी गेल्या कित्येक वर्षांच्या भेटी मुळापासून उपसत बसे. कपाटातला एक रुमाल काढायला अख्खं घर अंगणात आणून टाकावं, तसं. वीबेच्या हे तासाभरात लक्षात आलं. बोटं जुन्या सवयीने चालू लागली आणि त्याला चक्क बरं वाटलं. ते वाटल्याचीही मग लाज वाटली. आपल्याला बुडवणाऱ्या सॉफ्टवेअरला आपणच पाय लावून देत होतो, आणि मन लावून देत होतो.

त्या जुन्या भेटींमध्ये त्याला रोंत्येतून आलेल्या नोंदी दिसल्या. त्याने त्या उगाचच खाली सरकवल्या. सोमवार ते शनिवार सगळं होतं. रविवार रिकामे होते. आठवड्यामागून आठवडे, रविवार कोरे.

त्याचे हात थांबले. रोंत्येमध्ये रविवारच्या भेटी वेगळ्या ठिकाणी साठत. सुरुवातीच्या दिवसांत त्यानेच केलेली ती तात्पुरती सोय होती, पुढे तशीच राहून गेली. ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि फाइल भरून देताना तोच विसरला होता.

दुपारी रेन्स्के डबा घेऊन समोर येऊन बसली. चीज लावलेला ब्रेड तिने अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

"रविवारच्या नोंदी आल्या नाहीत तुमच्याकडे," तो म्हणाला.

"माहितीये. पहिल्याच रविवारनंतर कळलं." ती शांतपणे खात राहिली. मग तिने सांगितलं. पोस्तमा म्हणून एक आजोबा आहेत, एकटे राहतात. पाय सुजू नयेत म्हणून त्यांना घट्ट मोजे लागतात, आणि ते स्वतःच्या हाताने चढत नाहीत. रोज सकाळी नर्स जाते. त्या रविवारी यादीत त्यांचं नावच नव्हतं. आजोबा मोजे मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. नर्स पोरगी आजारी असेल, कशाला फोन करून तिला त्रास द्यायचा, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी उठायला गेले तर पाय उचलेना. पडले. सोमवारी सकाळी नर्स गेली तेव्हा ते जमिनीवरच होते.

"आता?" वीबेने विचारलं.

"आता घरी आहेत. बरे आहेत. फक्त शनिवारी रात्री दाराला कडी लावत नाहीत." तिने डब्याचं झाकण लावलं. "त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुम्हाला फोन करत होते. मला शंका आली होती, की काहीतरी राहिलंय. म्हटलं टेर्पस्ट्रांना विचारू, ते दोन मिनिटांत सांगतील. नेहमी सांगायचात. का नाही उचललात?"

सांगायला त्याच्याकडे बरंच होतं. थकवा होता, देणी होती, मोठी कंपनी होती. 

"लाज वाटत होती," तो म्हणाला.

रेन्स्केने त्याच्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे; आवाजाला चेहरा जुळवून बघावा तसं.

"लाज तुम्हाला वाटली," ती म्हणाली, "आणि जमिनीवर पडून राहिले ते."

त्याने मान हलवली. माफ करा म्हणावंसं वाटलं, पण ती माफी पोस्तमा आजोबांची होती, रेन्स्केकडे मागण्यात अर्थ नव्हता. त्याने विचारलं, जुनी माहिती माझ्याकडे अजून आहे, रविवार परत भरून देऊ का?

"पुढचे रविवार आम्ही हातानं भरलेत सगळे. तीन आठवडे बसले होते मी." ती उठली. "पण तपासून द्या. काही चुकलं असेल तर."

तो तपासत बसला. तिने एकही नाव चुकवलेलं नव्हतं.

चारच्या सुमारास काम आटोपलं. याद्या दुपारपासूनच बोट लावताच उघडत होत्या. तो कोट चढवून दारापर्यंत आला आणि नेमक्या त्याच वेळी फेऱ्या संपवून नर्सेस परतल्या. सायकली भिंतीला टेकवून, भिजलेले कोट झटकत, एकमेकींत बोलत त्या आत येऊ लागल्या. वीबेने बाजूला होऊन दार धरलं.

"अगं, आज दुपारची यादी कशी पटकन उघडली बघितलंस?" एक म्हणाली.

"शेवटी कुणीतरी अक्कलवाला बसवला असेल त्या मोठ्या कंपनीनं," दुसरी म्हणाली. "त्या जुन्या रोंत्येवाल्यासारखं नाही, भरवशावर राहिलो आणि एक दिवस गायब."

मागे टेबलाशी रेन्स्के उभी होती. तिने ऐकलं. तिने वीबेकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग कागद उचलायला वाकली.

नर्सेस एकेक करून त्याच्या अंगावरून आत गेल्या. एकीने सवयीने "थँक्यू हं" म्हटलं. सगळ्यांत मागे एक वयस्क बाई सायकलीला कुलूप लावत होती, किल्ली फिरत नव्हती. पाऊस वाऱ्याबरोबर आत येत होता, त्याची बाही भिजली. तो दार धरून तिच्यासाठी थांबून राहिला.