जांभळ्या बॅटरीने पाहिलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. पण दिवे गेल्यावर तुम्ही कपाटात चाचपडत शोधता, तसली मात्र नव्हे. माझा उजेड जांभळा आणि इतका मंद, की त्यात तुम्हाला धड पुस्तकही वाचता येणार नाही. कोणी मला काळा दिवाही म्हणतात. पण जे साध्या उजेडात दिसत नाही, ते माझ्या उजेडात चमकायला लागतं.

माझा जन्मच मारझोडीत झाला. एक नळी करवतीने कापली, यंत्राने ठोकून तिला घेर दिला, तोंडात नऊ छोटे दिवे दाबून बसवले. मग आम्हा सगळ्यांना तपासणीच्या टेबलावरून तीन-तीनदा फरशीवर आपटलं. फुटल्या त्या पिंपात गेल्या, वाचलो त्या खोक्यात.

घरोघरी जाऊन सोफे आणि गालिचे धुणाऱ्या एका बाईने मला आणलं. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. मांजराने कुठेतरी घाण केली की घरभर वास सुटतो, पण नेमकी जागा सापडत नाही. ताई पडदे ओढून मला लावायची आणि डाग पिवळसर चमकून उठायचा. गाद्यांवरचे जुने डाग, धुतलेल्या फरशीवर राहिलेली साबणाची पूड, सगळं मी दाखवायचे. "हे माझ्या हातातले डोळे आहेत," ताई कौतुकाने सांगायची.

एकदा तिच्याच घरी, सामानाच्या खोलीत, मी एका फळीखाली पाच विंचू दाखवले. माझ्या उजेडात विंचू हिरवे पेटतात. ताईने चप्पल काढली आणि एकेकाला ठेचलं. शेवटचा भिंतीवर चढत होता, त्याचा भिंतीवरच चिखल झाला. मी दाखवलं नसतं तर ते जगले असते, पण ताईला कदाचित डंख बसला असता. त्या दिवशी मला कळलं, की दाखवण्याचं काम वाटतं तितकं साधं नाही.

ताईला एकच धाकटी बहीण. घरातले तिला बेबी म्हणत. तिचा नवरा सुतार होता आणि हात सोन्याचा. त्याने जोडलेलं लाकूड कुठे तुटलं होतं ते शोधूनही सापडत नसे. एकदा बेबी एक पिशवी घेऊन ताईच्या दारात आली होती. मी दाराजवळच्या फळीवर होते, सगळं ऐकलं. ताई म्हणाली होती, "माणूस कष्टाळू आहे गं. जरा सांभाळून घे." बेबीने चहाही न घेता पिशवी उचलली.

मग दोन वर्षांनी तिचा फोन आला. "मांजराने कुठेतरी घाण केलीय. वास आला की हे भडकतात. दुपारी ये, हे कामावर असतात."

बेबीच्या जबड्यावर सूज होती. "कपाटाचं दार लागलं," तिने न विचारताच सांगितलं. ताईने पडदे ओढले आणि मला लावलं. डाग सोफ्यामागे लगेच सापडला. ताई उठली, तसा माझा झोत खोलीभर फिरला.

खुर्चीच्या पायाभोवती एक निळसर-पांढरी रेघ पेटली. दुसऱ्या खुर्चीला दोन. दाराच्या फळीवर खांद्याच्या उंचीला एक लांब, वाकडी रेघ. काचेच्या कपाटातल्या बशांवर तर कोळ्याची जाळी असावीत तशा रेघा. सगळा सरस होता, मित्रांनो, तुटलेलं जोडायचा सरस. मग भिंत आली. तिच्यावर डोक्याच्या उंचीला साबणाने घासलेला मोठा पट्टा लख्ख चमकत होता आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता. रक्त माझ्या उजेडात चमकत नाही. ते काळंच दिसतं.

"हे काय आहे, बेबी?"

"काही नाही. जुनं सामान आहे."

"खुर्च्या मीच दिल्यात तुला. चार वर्षं झाली नाहीत."

बेबी खाली बसली. "ते मोडतात, आणि सुट्टीच्या दिवशी बसून जोडतात. इतकं छान जोडतात ना, हात फिरवला तरी लागत नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं आपोआप भरून येतं."

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. सुतार विसरलेलं, लाकूड तासायच्या पटाशीचं पाकीट न्यायला आला होता. त्याने ओढलेले पडदे पाहिले, चमकणाऱ्या रेघा पाहिल्या. स्वतःची कारागिरी त्याने ओळखली.

"डाग सापडला ना, ताई?" तो गोड आवाजात म्हणाला. "मग बंद करा ते."

ताईने मला बंद केलं नाही. "बेबी, चप्पल घाल. आपण निघतोय."

त्याने ताईचं मनगट धरलं, तिची बोटं दाराच्या चौकटीवर दाबली आणि दार आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज मी खाली पडता पडता ऐकला. मग त्याची टाच माझ्यावर आली. माझे तीन दिवे फुटले. ताई भिंतीला टेकून खाली सरकली. त्याने तिचे केस धरले आणि दुसरा हात उगारला.

ताईने सोफा धुवायला आणलेल्या यंत्राची लोखंडी नळी जमिनीवर पडली होती. ती बेबीने उचलली. पहिला फटका गुडघ्यावर बसला, तेव्हा तो हसला. दुसऱ्याला हसला नाही. तिसऱ्याला आडवा झाला.

"बस्स, बेबी! मरेल तो!"

"त्याला नाही मारत आता," बेबी म्हणाली आणि तिने बशांच्या कपाटावर नळी घातली. एकेक कप्पा, एकेक बशी. शेवटची फुटेपर्यंत ती थांबली नाही. मग मला उचलून, ताईला आधार देऊन, अनवाणीच जिना उतरली.

तळमजल्यावर एक निवृत्त नर्स राहायच्या. त्यांनी ताईचा हात टॉवेलात बांधला आणि पोलिसांना बोलावलं. एक फौजदारबाई आल्या, बेबीला घेऊन वर गेल्या आणि त्यांनी पडदे उघडले. सुतार कण्हत म्हणाला, "या दोघींनी मला मारलं, मॅडम. बघा तरी, माझं घर कसं नीटनेटकं आहे."

"पडदे ओढा," बेबी म्हणाली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

माझे सहाच दिवे उरले होते, पण मी जीव ओतून पेटले. फौजदारबाई एकेक रेघ मोजत निघाल्या. पलंगाची डोक्याकडची फळी, न्हाणीघराचं दार, आरशाची चौकट. एकतिसावर त्या थांबल्या. वळून बेबीला म्हणाल्या, "तुम्ही बसा आधी. पाणी घ्या."

खटला दीड वर्ष चालला. सुताराला शिक्षा झाली. ताईची दोन बोटं अजून वाकत नाहीत, आणि कुठे दार आपटलं की बेबी अजून हातातली वस्तू सोडते. आता दोघी मिळून सोफे धुतात.

मित्रांनो, मला वापरून झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतल्या आत पाझरून मला खाऊन टाकतात. माझा झोत कुणाच्या डोळ्यांत मारू नका. आणि कुणी न विचारता सांगितलं, की कपाटाचं दार लागलं, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. ताई एकदा गेली होती. ते तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही एका नव्या घरी गेलो. ताईने डाव्या हाताने माझं बटण दाबलं. सोफ्यावर काहीच नव्हतं, पण मागच्या भिंतीवर घासलेला एक पट्टा चमकला. घरातली बाई झटकन मध्ये येऊन उभी राहिली. "तिथे काही नाहीये," ती म्हणाली.

ताईने मला विझवलं. "बरं," ती म्हणाली. "सोफा धुवायला एक तास लागतो. पण मी इथे दोन तास आहे."

ती बाई बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने जाऊन आतून कडी लावली, आणि ताईसमोर येऊन बसली.