पुढचं चाक ज्याचं आधी

आसाराम रोज सकाळी गावातून केजच्या हॉटेलात जिलेबी तळायला जायचा, काळ्या दांडीच्या सायकलवर. त्याच रस्त्यानं कापडदुकानातला केदारनाथ जायचा, गियरच्या सायकलवर. दोघांत ना बांधाचा वाद, ना भाऊबंदकी. नुसत्या सायकली होत्या, पण वैराला तेवढं बास झालं.

“ही सायकल हाय का रेडा?” केदारनाथ विचारायचा.

“तुझीला स्टँड न्हाई, करियर न्हाई. उभी करायची तर भिंतीशी सोयरीक जुळवावी लागती बे!”

शेवटी पैज लागली. केजच्या नाक्यावर ज्याचं पुढचं चाक आधी पोचेल तो जिंकला. हरणाऱ्याची सायकल ट्रॅक्टरवाल्या शहादेवच्या उसाच्या ट्रॉलीखाली. शहादेवनं लगेच होकार दिला. तशी काळी सायकल आता दुकानात मिळत नव्हती, आणि गियरची घेण्यापेक्षा आसाराम सरणावर चढला असता.

चढाला केदारनाथ कटकट गियर टाकून पुढं निघाला. आसारामनं दांडीला लावलेला हवेचा पंप उपसून त्याच्या पाठीत हाणला. केदारनाथनं उलटी लाथ घातली. आसारामचा दात तुटून घंटीवर आदळला.

“वाजती की!” केदारनाथ म्हणाला.

मग दोघं रीतसर उतरले. केदारनाथला सायकल टेकवायला बाभूळ शोधावी लागली. तेवढा वेळ आसाराम तोंडातलं रक्त थुंकत थांबला. त्यानंतर दोघांनी एकमेकांना गुरागत बडवलं. आसारामच्या बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. केदारनाथचा पाय मुरगळला आणि पंपानं टाळकं फुटलं. रक्त कॉलरीतून खिशापर्यंत आलं.

आता आसारामला निवांत जिंकता येत होतं. पण रक्त थांबेना, आणि मेलेल्या माणसाला हरवण्यात मजा न्हाई. आसारामनं त्याला करियरवर घातलं.

“माझी सायकल सोडून मी येत न्हाई.”

“धर मग हातात.”

एका हातानं टाळकं दाबून, दुसऱ्यानं शेजारून सायकल पळवत केदारनाथ बसला. वाटभर आसाराम दुखऱ्या बरगडीनं पायडल मारत ऐकवत होता, “करियर कशाला असतंय, कळलं का बे?”

नाका हाताच्या अंतरावर आला तसं केदारनाथनं सगळा जीव एकवटून आपली सायकल पुढं ढकलली. ती एकटीच, बिनमाणसाची, नाक्यापार जाऊन पडली.

“चाक आधी!” ओरडून तो रस्त्यावर कोसळला.

नाक्यावर ट्रॅक्टर घेऊन थांबलेला शहादेव शब्दाचा पक्का. त्यानं काळी सायकल आडवी टाकली आणि ट्रॅक्टर दामटला. ट्रॉलीचं चाक पायडलवर चढलं, पायडल टायरात घुसलं, टायर फुटला, ट्रॉली कलंडली आणि सगळा ऊस जिंकलेल्या गियरच्या सायकलवर ओतला गेला. तिचा एक नटसुद्धा दिसेना.

शहादेव जॅकचा दांडा घेऊन खाली उतरला. त्याला आता दोघंही हरलेले दिसत होते.

आसारामनं काळी सायकल उचलली. हँडल जिलेबीगत झालं होतं, एक पायडल टायरातच राहिलं होतं. पण चाकं फिरत होती. केदारनाथला करियरवर टाकून तो एका पायानं सुटला. मागं शहादेव शिव्या देत धावत होता.

केदारनाथनं डोळे उघडले.

“दवाखाना डावीकडं हाय. आन् इतकं हळू कावून चालवायलास? गियर न्हाई का हिला?”

आसारामनं मागं न बघताच पंप हाणला.