माझी लाथ करंटवालीला गेली

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते माझ्या चेहऱ्यावर शोधत बसायला नको. मी मारामारीच्या एका खेळातला लढवय्या आहे. पूर्णा स्टेशनच्या समोर ईश्वरअप्पांचं जनरल स्टोअर आहे. आत शिरलं की डाव्या हाताला साबण, वह्या आणि बांगड्या, उजव्या हाताला कपाटाएवढी एक लाकडी पेटी. पेटीला पडदा आहे, पडद्यावर खेळ आहे आणि खेळात मी आहे. गाडीला वेळ असलेली माणसं येऊन मला मार खायला लावतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कंपनीत झाला. तिथल्या चित्रकाराने मला दंड दिले, मोकळे केस दिले आणि कपाळाला लाल पट्टी बांधली. पट्टीची टोकं दोन्ही कानांवरून खाली लोंबत होती. कंपनीने मला चांगलं भारदस्त नाव दिलं होतं. पूर्णेच्या लोकांनी ती टोकं पाहिली, त्या मुंडावळ्या आहेत असं ठरवलं आणि मला नवरदेव म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून मी लग्नाला निघालेल्या वेषात मारामारी करतो आहे. वरात काही अजून पोचलेली नाही.

खेळाच्या पहिल्या भागात माझ्याकडे उडती लाथ होती. ती नुसती लाथ नव्हती. मी जमिनीवरून उठायचो, अंगाला एक पीळ द्यायचो, मुंडावळ्या मागे सरळ रेषेत ताठ व्हायच्या आणि समोरचा पडद्याच्या त्या कडेला जाऊन आदळायचा. दोन लाथा पुरे व्हायच्या. तेव्हा खुद्द ईश्वरअप्पा मला खेळायचे. त्यांचे केस काळे होते, गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं आणि ते म्हणायचे, "थांबा हो जरा, नवरदेव हवेत हाय."

या दुकानात एक रिवाज आहे. एक लढवय्या एका माणसाचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. जसं दुसऱ्याच्या बैलाला आपण आपल्या औताला जुंपत नाही, तसं. मी अप्पांचा होतो आणि हे जन्मभराचं आहे असा माझा समज होता.

मग दुसरा भाग आला. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की पुढचा भाग म्हणजे बढती. माझंही तसंच झालं होतं. कंपनीत मात्र त्या वेळी 'समतोल' नावाचं काम सुरू झालं होतं. समतोल म्हणजे एकाचं काढायचं आणि सगळ्यांना बरं वाटेल असं करायचं. माझी लाथ निम्मी झाली. मी उडायचो, पण समोरचा पडायच्या ऐवजी नुसता मागे सरकायचा आणि माझ्याकडे बघायचा. अप्पांनी आठवडाभर प्रयत्न केला. मग ते म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत न्हाई बाबा, दुकान बघावं." दुकान तर ते आधीही बघतच होते. पण सोडून जाणाऱ्याला कारण लागतं, आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं.

पुढे पिंगळीच्या शेतकऱ्याची मुलगी राजेश्री स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात कामाला लागली. संध्याकाळी घरी जायच्या गाडीला वेळ असला की ती अप्पांच्या दुकानात यायची. तिने मला घेतलं. मी स्वतःला सांगितलं, हिला पारख आहे. मी निम्मी लाथ घेऊन तिच्यासाठी जीव तोडून लढलो. आम्ही बहुतेक वेळा हरायचो, पण एकत्र हरायचो.

यंदाच्या नवरात्रात अप्पांच्या विरेशने खेळाचा तिसरा भाग पेटीत बसवला. आणि त्यात ती होती. निळे केस, पायांत चमकणारे जोडे, अंगातून ठिणग्या. पूर्णेने लगेच तिला करंटवाली हे नाव दिलं. अप्पांचा पुतण्या शिवकांत ताडकळसला मोटारसायकलचे सुटे भाग विकतो, त्याने ती पहिल्या तासात पटकावली. त्याने बटण दाबलं. ती जमिनीवरून उठली. अंगाला पीळ दिला. केस मागे सरळ रेषेत ताठ झाले.

मित्रांनो, ती माझी लाथ होती. पीळ माझा, कोन माझा, समोरचा पडद्याच्या कडेला जाऊन आदळायचा तेही माझं. कंपनीने फक्त ठिणग्या लावल्या होत्या. शेजाऱ्याने आपली सायकल नेऊन, रंगवून, आपल्याच दारासमोरून घंटी वाजवत फिरवावी, तसं मला झालं. मी तिचा मत्सर केला का? केला. अजूनही करतो. मनापासून करायचं दुसरं काम मला उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. तराजू, गल्ला, फ्रीज, सगळ्याची पूजा झाली. अप्पांच्या पत्नी गंगम्मा पेटीकडे वळल्या. त्यांनी पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला आणि प्रत्येक बटणाला ओलं हळदकुंकू लावलं. भाव मोठा होता, त्यामुळे कुंकूही सढळ होतं. वर नारळाचं पाणी शिंपडलं. डाव्या बाजूचं लाथेचं बटण त्या दिवशी मुकं झालं.

पेटीच्या डावीकडच्या दांड्यावर दोघंच खेळायचे. एक राजेश्री, आणि दुसरे रेल्वेतून निवृत्त झालेले सूर्यभानकाका. ते हेडमास्तर नावाचा जाडा लढवय्या घेऊन पोटाने ढकलत ढकलत जिंकायचे. लाथेसाठी वेगळं बटण असतं हे त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं. त्यामुळे बटणाकडे कोणी बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नव्या भागात ह्याची लाथच काढून टाकली की," शिवकांत म्हणाला.

"काढली का दिली?" विरेश म्हणाला. "करंटवालीला बघ."

"म्हणजे हुंडा दिला म्हण नवरदेवानं."

दुकान हसलं. मीही त्यांच्यासारखंच समजून चाललो होतो. राजेश्री तेवढी हसली नाही. ती मला घेऊन खेळतच राहिली. लाथ नाही म्हटल्यावर तिने मारायचा नाद सोडला आणि चुकवायला लागली. आणि एका संध्याकाळी, करंटवाली हवेत असताना, तिने नेमक्या क्षणी दांडा मागे ओढला. मी अर्धं पाऊल बाजूला सरकलो. करंटवाली माझ्या शेजारून गेली आणि स्वतःच्याच जोराने तोंडावर पडली. पडण्याने तिची ताकद भसकन कमी झाली.

कंपनीने लाथेच्या बदल्यात मला हे दिलं होतं. बाजूला होणं. साठी ओलांडलेल्या माणसाला घरात जे काम मिळतं, ते.

"हे काय करायलीस गं तू?" शिवकांतने विचारलं.

"काहीच न्हाई करायले," राजेश्री म्हणाली. "तेच तर."

अप्पांच्या दुकानात दिवाळीच्या पाडव्याला व्यापाराचं वर्ष बदलतं, आणि त्याच दिवशी लढवय्यांचीही नव्याने वाटणी होते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ज्यांचा खेळ सगळ्यांत वरचढ, त्या दोघांची लढत लावतात. जिंकणाऱ्याने त्या दोन लढवय्यांतला हवा तो निवडायचा, हरलेल्याने उरेल तो घ्यायचा. यंदा राजेश्री आणि शिवकांत समोरासमोर आले. मला एवढंच कळत होतं की ती हरली तर शिवकांत दात काढेल, लोक तिला म्हणतील सोड त्या म्हाताऱ्याला, आणि ती सोडेल. मला निवडणारं या जगात ते एकच माणूस होतं.

लढतीच्या आदल्या दिवशी विरेशने पेटी पुसायला घेतली. डाव्या बाजूचं बटण दाबलं जाईना. त्याने उघडून बघितलं तर आत लाल चिखल.

"आई, हे बघ. तू नवरदेवाच्या पायाला कुंकू लावलंस, पाय धरला त्याचा."

"सवाष्णीच्या हातचं कुंकू हाय ते. त्यानं काही वाईट होत न्हाई," गंगम्मा म्हणाल्या.

राजेश्रीने औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, बटण स्वच्छ केलं. मित्रांनो, तेवढ्या वेळात मी पुन्हा तरुण झालो. म्हणजे लाथ आहे. म्हणजे कंपनीने काढली नव्हती. गंगम्मांची भक्ती आडवी आली होती, एवढंच. सगळे जमले. तिने बटण दाबलं. मी पाय उचलला.

तो गुडघ्यापर्यंत गेला.

"ही लाथ हाय का कोंबडी हाकलायलाय?" शिवकांत म्हणाला.

कुंकवाचा काही दोष नव्हता आणि माझी लाथ खरंच गेलेली होती. यापेक्षा बटण बंद होतं तेव्हा बरं होतं.

पाडव्याला राजेश्री सकाळच्या गाडीने आली. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पहिला डाव शिवकांतने घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात दोघांची ताकद संपत आली. करंटवाली दोन पावलं मागे गेली, तेव्हाच मला कळलं की ती आता उठणार. मी पण नेहमी दोन पावलं मागे जायचो.

ती उठली. पीळ घेतला. पहिल्यांदाच मी त्या लाथेकडे समोरून, शेवटपर्यंत पाहिलं. इतकी वर्षं ती मारत होतो, पण ती दिसते कशी हे मला माहीतच नव्हतं. फार देखणी होती. ती आपल्याला लागावी असंसुद्धा क्षणभर वाटलं. राजेश्रीने दांडा मागे ओढला. मी सरकलो. माझी लाथ माझ्या शेजारून गेली आणि पलीकडे तोंडावर पडली. आम्ही जिंकलो.

"बोल पोरी," अप्पा म्हणाले. "कोणाला घेतीस?"

मी छाती पुढे काढून उभा होतो. खेळ जिंकल्यावर तसा उभा राहतोच, पण त्या दिवशी मी ते मनापासून करत होतो.

"करंटवाली," राजेश्री म्हणाली.

मग विरेश म्हणाला, "अन नवरदेव? त्यानंच तर जितवलं तुला."

"जितवलं की. मी कुठं न्हाई म्हणायले?" ती म्हणाली. "पण अप्पा, मी आले तवा तुमचे सगळे वाटून झाले होते. उरला होता तो मला दिला. मी कधी कोणाला निवडलंच न्हाई. दुसऱ्याच्या उड्या चुकवून चुकवून जीव दमला माझा. मला बी एकदा उडून बघायचंय."

अप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, कारण कधीकाळी तेही याच लाथेसाठी गिऱ्हाईक थांबवत होते. मला पटलं नाही. पटायला हवं होतं, पण मी लढवय्या आहे, न्यायाधीश नाही. आणि मित्रांनो, हे तर तुमच्या लक्षात आलंच असेल की मी हरलो असतो, तर राजेश्री माझ्याकडेच राहिली असती.

उरलेला मी शिवकांतच्या वाट्याला आलो. त्याने दांडा असा धरला, जसा कोणी दुसऱ्याचं रडकं मूल धरतो. समोर राजेश्री करंटवाली घेऊन बसली, उडाली आणि मोठ्याने हसली. माझ्याबरोबर ती कधी तशी हसली नव्हती. शिवकांतने कोंबडी हाकलली. मी आपटलो. पुन्हा हाकलली, पुन्हा आपटलो.

म्हणून सांगतो, मुलांनो. नवा भाग आणाल तेव्हा जुन्याला विचारू नका हवं तर, कंपनीनेही विचारलं नव्हतं. पण त्याचं काय गेलं ते मोजून झालं की, त्याला बदल्यात काय मिळालं तेही दाबून बघा. बटण कोरडं ठेवा. हात धुऊन खेळा. आणि तुमच्या वाट्याला उरलेला आला, तर त्याला पहिल्याच दिवशी आपटू नका.

चौथ्यांदा आपटल्यावर शिवकांतने हात वर केले. "हे सरकायचं कसं असतं गं? किती वेळ थांबायचं?"

"ती उडेपर्यंत."

"मला न्हाई जमत थांबायला."

"दम धरा की शिवाभाऊ. बघा इकडं."

राजेश्री आपल्या जागेवरून उठली, त्याच्या बाजूला आली आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून त्याला दाखवू लागली. मागे ओढायचं, एवढंच, फार नाही. बाकीचेही बघायला इकडच्या बाजूला सरकले. मी अर्धं पाऊल बाजूला झालो, पुन्हा झालो, पुन्हा झालो. तेवढा वेळ करंटवाली पडद्याच्या त्या कडेला हात खाली सोडून एकटी उभी होती. तिच्या अंगातून ठिणग्या निघत होत्या आणि त्यांच्याकडे कोणीही बघत नव्हतं.

मित्रांनो, मला फार बरं वाटलं.