विश्वजितचे दोन फ्री थ्रो

"बाई, बैठो ना! पीछे के लोगां चिल्लारें," गुलशनआपांनी पद्मजाबाईंचा पदर ओढला.

"चिल्लाऊ दे. मी पण त्यासाठीच आलेय," पद्मजाबाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

खाली लाकडी मैदानावर खेळाडू एकेक करून धावत येत होते. भोंग्यावरून नाव पुकारलं की दिवे लुकलुकत आणि पोरं शिट्ट्या मारत. शहरात बास्केटबॉलची लीग पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे बास्केटबॉल म्हणजे काय हे माहीत नसलेलेही सहकुटुंब आले होते. "आणि आता आपल्या देवगिरी संघाचा, आपल्या मराठवाड्याचा विश्वजित!" भोंगा ओरडला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि नेमक्या त्याच वेळी पद्मजाबाई खाली बसल्या.

"आता बसते," त्या म्हणाल्या.

कॉलेजच्या ऑफिसात दोघी शेजारी शेजारी टेबलांवर बसून म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. गुलशनआपांचा मुलगा बास्केटबॉल खेळायचा, म्हणून या खेळातलं त्यांना कळे. पद्मजाबाईंना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. विश्वजितची भरल्या मैदानात फजिती व्हावी आणि ती आपण डोळ्यांनी बघावी.

तीन वर्षांपूर्वी हा विश्वजित त्यांचा जावई होता होता राहिला होता. तो उन्हाळा आठवला तरी अजून घसा कोरडा पडतो. शहराच्या कडेला, त्या राहत त्या सातारा परिसरात नव्या इमारती भराभर उठत होत्या, पण नळ कुठल्याच घरात नव्हता. बोअर आटलेले, सगळी मदार टँकरवर. त्यांच्या लेकीच्या, चारुताच्या सीमांतपूजनाला नेमका टँकर आला नाही. मंगल कार्यालयात एक कळशी उरलेली, आणि वरपक्षाचे पाय धुवायचे बाकी. पद्मजाबाईंनी परातीत आधी जावयाचे पाय धुतले, आणि परात रिकामी न करता तीच विहीणबाईंच्या पायांखाली सरकवली. पाणी टाकून द्यायचं त्या दिवसांत कोणाच्या मनातही येत नसे. लोक भाज्या धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसत होते.

विहीणबाईंनी पाय असा मागे घेतला की परात कलंडली. "पोराच्या पायाचं घाण पाणी माझ्या पायावर? ही रीत का तुमच्याकडची?"

"रीत कसली, वहिनी? पाणीच नाही," चारुताच्या बाबांनी, मंदाररावांनी हात जोडले. पद्मजाबाईंनी मात्र जोडले नाहीत. "मुलगा तुमचाच ना? त्याच्या पायाला काय महारोग झालाय?" असं त्या बोलून गेल्या. तासाभरात वऱ्हाडाच्या गाड्या परत फिरल्या.

विहिणीच्या तोंडाचं त्यांना एवढं वाटलं नाही. बायका बोलतात. पण तो सहा फुटी सोट्या पाटावर मुंडी खाली घालून बसला होता, ओल्या पायांनी. एवढं मोठं धूड, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. पद्मजाबाई हे कधीच विसरल्या नाहीत. पुढे चारुतानं आलेली सगळी स्थळं नाकारली. पोर मनातून मोडली, असं त्या धरून चालल्या, आणि तो रागही त्यांनी विश्वजितवरच काढला. त्याला नोकरी लागली, त्याचा फोटो पेपरात आला, प्रत्येक वेळी त्यांनी शिव्याशाप दिले. एकही लागला नाही.

सामना सुरू झाला. विश्वजित चांगला खेळत होता, हेच तर दुःख. त्यानं चेंडू टाकला की चहूकडे जल्लोष, आणि त्यात पद्मजाबाई एकट्या पुण्याच्या संघासाठी टाळ्या वाजवत. जन्मात पहिल्यांदा त्या पुण्याच्या बाजूनं होत्या.

"आजी, तुम्ही पुण्याच्या का?" मागच्या एकानं विचारलं.

"आजी तुझी आई! मी इथलीच आहे."

"बाई, घर जाके लडो," गुलशनआपा हसून हसून बेजार. "सुनो. फ्री थ्रो मिला ना, तो मारनेवाला अकेला रहता. कोई अडवनेवाला नइ. अपने लोगां उस वख्त एकदम चुप बैठतें, सुई गिरी तो सुनाई देती."

"एकदम चुप?"

"हौ. क्यों?"

पद्मजाबाईंनी पर्समधून खडीसाखर काढून तोंडात टाकली आणि घसा साफ केला.

आणि देवानं, एरवी टँकरसाठी कितीही नवस केले तरी न ऐकणाऱ्या देवानं, त्या संध्याकाळी त्यांचं ऐकलं. शेवटचे काही सेकंद उरले असताना देवगिरी एका गुणानं मागे होती, आणि पुण्याच्या खेळाडूनं विश्वजितला धक्का दिला. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर जिंकलेच.

स्टेडियम गप्प झालं. विश्वजितनं चेंडू दोनदा आपटला, श्वास घेतला, हात वर नेले.

"विश्वजित! पाय धुवायला येऊ का रे?"

आवाज छतापर्यंत गेला. कुणाला काही कळलं नाही. कुणी खो खो हसलं, कुणी "ए बाई!" म्हणून ओरडलं. पण ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं. चेंडू कडीला लागून बाहेर उडाला.

दुसऱ्या वेळी त्यांना ओरडावंही लागलं नाही. विश्वजित चेंडू हातात धरून उभा होता आणि कडीकडे न बघता समोरच्या स्टँडकडे बघत होता. मग त्यानं चेंडू असा टाकला की जणू तो घाईनं कुणाच्या तरी हाती द्यायचा होता. पुण्याच्या पोरांनी तो झेलला आणि भोंगा वाजला.

पद्मजाबाईंना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी गुलशनआपांचे दोन्ही हात धरले. सगळीकडे लोक डोक्याला हात लावून बसले होते आणि त्यांना उकळ्या फुटत होत्या. या पडलेल्या चेहऱ्यांची मजा बघावी म्हणून त्यांनी समोरच्या स्टँडवर नजर फिरवली.

तिथं चारुता उभी होती. मैत्रिणीकडे जाते म्हणून दुपारी घरातून निघालेली चारुता. ती मैदानाकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

फेरा घालून ती इकडच्या पायऱ्या चढून आली तेव्हा पद्मजाबाईंनी गुलशनआपांचे हात सोडले.

"तू इथं कशी?"

"त्यानं पास दिला होता," चारुता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या रात्रीच फोन आला होता त्याचा, आई. रडत होता. मीच म्हटलं, थांबू. आधी तुला शांत होऊ दे, त्याच्या आईलाही शांत होऊ दे. तीन वर्षं थांबलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"दर वेळी ठरवायचे. तेवढ्यात तू त्याचं नाव काढून काहीतरी बोलायचीस." चारुतानं ओढणी सारखी केली. "आज मॅच झाली की घरी येणार होता. बाबांना माहितीय. टँकरची वाट बघायला घरी थांबतो म्हणाले ना ते? टँकर सकाळीच येऊन गेला. चिवडा आणायला थांबलेत."

पद्मजाबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "मग येऊ दे की. मी कुठं नाही म्हणते?"

"त्याला विचारते," चारुता म्हणाली. "येतो म्हणाला तर घेऊन येते." आणि ती खाली गेली.

विश्वजित बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. चारुता त्याच्या शेजारी जाऊन बसली. ती बोलत होती, आणि टॉवेल हलत नव्हता. लोक निघून गेले. कामगारांनी फलक उतरवायला घेतले, एका बाजूचे दिवे मालवले.

"गुलशन," पद्मजाबाईंनी खुर्चीत बसत विचारलं, "मी फार मोठ्यानं ओरडले का गं?"

गुलशनआपांनी खांद्याला अडकवलेली पर्स काढली आणि ती मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"हौ," त्या म्हणाल्या.